नुसतं ‘घर दाखवणं’ नव्हे!

‘वहिनी, तुमच्या ओळखीत कुठं दोन खोल्या मिळतील का हो?’

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुम्हाला कितीदा विचारला गेलाय? बँकेत बदली होऊन आलेला जावई, ग्रामीण रुग्णालयात नव्यानं रुजू झालेली सिस्टर, कॉलेजला आलेल्या चार मुली, सगळे अखेर येतात ते गल्लीतल्या एखाद्या वहिनीकडंच. कुणाचा वरचा मजला रिकामा आहे, कुठल्या घरमालकाला पाण्यावरून कटकट करायची सवय आहे, कुणाच्या घरात कुलर चालवला की फ्यूज उडतो, हे तिला तोंडपाठ असतं. ती चपला घालते, बरोबर जाते, खोली दाखवते, भाडं ठरवून देते. बदल्यात काय मिळतं? एक कप चहा आणि ‘तुमचे लई उपकार झाले’!

त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर पानपट्टीशेजारी खुर्ची टाकून बसलेला माणूस हेच काम करतो आणि एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून खिशात घालतो. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वहिनींनी मात्र पाचशे रुपये मागितले, तर ‘शेजारधर्म राहिला नाही’ म्हणून गावभर होतं. आज याच कामाविषयी बोलायचं आहे. घर-जमिनीच्या व्यवहारातल्या मध्यस्थाचं, म्हणजे इस्टेट एजंटचं काम. अलीकडं तालुक्याच्या गावांतही काही जणी यात उतरल्या आहेत आणि ‘मला जमेल का?’ असं विचारणाऱ्या तर पुष्कळ आहेत.

जमेल. पण हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिली गोष्ट पैशांची. तीस लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का दलाली म्हणजे तीस हजार. ऐकायला छान! पण एका गिऱ्हाइकाला दहा घरं दाखवावी लागतात. ‘घरात विचारून सांगतो’ म्हणून गेलेला माणूस तीन महिने फोन उचलत नाही. सगळं जुळल्यावर घेणारा आणि देणारा दोघं परस्पर भेटून व्यवहार उरकतात आणि मधलीला विसरतात. वर्षात असे तीन व्यवहार पार पडले, तर नव्वद हजार. त्यातून पेट्रोल, मोबाइल, झेरॉक्स वजा करा. राहिलेल्या रकमेला बारानं भागा. म्हणून अनुभवी बायका सांगतात, भाड्याच्या खोल्यांवर घरखर्च चालवावा आणि खरेदी-विक्रीवर बचत करावी. दलालीचा दर कायद्यानं ठरवून दिलेला नाही. तो दोघांनी ठरवायचा असतो. म्हणूनच घर दाखवण्याआधी, निदान साध्या कागदावर, तो लिहून सही घेतलेली बरी. यात लाज कसली? शिवणकामाची मजुरी आपण कापड हातात घेतानाच सांगतो ना!

दुसरी गोष्ट कायद्याची. ‘रेरा’ हा शब्द जाहिरातीत वाचला असेल. बांधकाम व्यवसायाला शिस्त लावण्यासाठी केंद्रानं २०१६ साली हा कायदा केला आणि २०१७ साली राज्यात ‘महारेरा’ सुरू झालं. या कायद्याखाली नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून द्यायचा, तर एजंटचीही नोंदणी लागते. एका व्यक्तीला शुल्क दहा हजार रुपये आणि नोंदणी पाच वर्षांची. म्हणजे वर्षाला दोन हजार पडतात. नोंदणी न करता असा व्यवहार केला, तर दंड दिवसाला दहा हजार रुपये, वाढत वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत! २०२३ पासून एजंटना प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास होणंही सक्तीचं झालं आहे. त्याला घाबरू नका. ज्या बाईनं मुलांची दहावी दोनदा करून घेतली, तिला ही परीक्षा काय जड! उलट, प्रमाणपत्र हातात असलं की ‘बाईमाणसाला यातलं काय कळतं’ म्हणणाऱ्याचं तोंड आपोआप बंद होतं. भाड्याच्या खोल्या आणि जुन्या घरांची फेरविक्री यांना मात्र ही नोंदणी लागत नाही. सुरुवात तिथून करता येते.

भाड्याचा व्यवहारसुद्धा तोंडी नको. ‘अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणीची गरज नाही’ हा समज गावोगाव आहे. तो चुकीचा आहे. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्यानुसार करार लेखी करून नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी घरमालकाची असते. आता हे ऑनलाइनही होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची, हेही मालकाला आठवणीनं सांगणारी एजंट म्हणजे चांगली एजंट.

तिसरी गोष्ट कागदांची, आणि खरं काम इथंच आहे. घर दाखवणं हा त्यातला अगदी वरवरचा भाग. सातबारा वाचता यायला हवा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कुणाच्या नावे, बारा म्हणजे त्यात पीक काय. त्यात ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. बँकेचा बोजा, कोर्टातला वाद, कुळाचा हक्क अशा कितीतरी गोष्टी तिथं गुपचूप बसलेल्या असतात. फेरफार पाहावे लागतात, म्हणजे जमीन कुणाकडून कुणाकडं कशी आली ते कळतं. शहरी हद्दीत मिळकतपत्रिका पाहायची. प्लॉट असेल तर बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा मागायचा. ‘गुंठ्यावर घेऊन टाका, पुढं एनए होईल’ असं कुणी म्हणालं, की कान टवकारायचे. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सरसकट विकता येत नाही आणि तुकड्यांनाही बंधनं आहेत. सातबारा हा महसुली उतारा आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. त्यामुळं तीस वर्षांचा ‘सर्च’ वकिलाकडूनच करून घ्यायला सांगायचं. आपण वकील नाही, हे ओळखणंही या धंद्यातलं शहाणपणच!

गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या दोन-तीन गोष्टी मात्र एजंटला तोंडपाठ हव्यात. फ्लॅटचा भाव ‘सुपर बिल्टअप’वर नव्हे, कार्पेटवर तोलायचा, म्हणजे भिंतींच्या आत वापरायला प्रत्यक्ष किती जागा मिळते त्यावर. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आणि राहतं घर फक्त बाईच्या नावानं घेतलं, तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. तीस लाखांच्या घरावर तीस हजार रुपये! पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये काढली गेली. नवऱ्याचं नावही घातलं तर मात्र सूट मिळत नाही. चहा पिता पिता एवढं एक वाक्य बोललं, तर कितीतरी घरांच्या पाटीवर बाईचं नाव लागेल.

आता ज्यासाठी हा विषय आज घेतला, ती गोष्ट.

ओळखीतल्या एक ताई आहेत. नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा खोल्या दाखवण्यापासून त्यांनी सुरुवात केली. पुढं प्लॉट, पुढं जमिनी. गेल्या वर्षी गावालगतच्या दीड एकराचा व्यवहार त्यांच्याकडं आला. दोघे भाऊ विकणार, घेणारा तयार, इसारही ठरला. दलालीतून मुलीच्या नर्सिंगची वर्षाची फी निघणार होती. ताईंनी सातबारा काढला. मालक म्हणून दोघा भावांची नावं आणि ‘इतर हक्कात’ तीन बहिणींची.

‘त्यांचं काही नाही ओ,’ धाकटा भाऊ म्हणाला. ‘त्या काय मागणार आहेत? फक्त सह्या हव्यात. तुम्हीच जाऊन या ना! बाईमाणूस आहात, तुमचं ऐकतील. साडीचोळी आम्ही देतो, आणि तुमचे वरचे दहा हजार.’

ताई गेल्या. पहिल्या बहिणीच्या घरी पत्र्याचं छप्पर, दारात शिलाई मशीन. ‘भावानं पाठवलंय म्हणजे बरोबरच असेल. कुठं करू सही?’ असं म्हणत तिनं पदराला हातही पुसले. पिशवीतला हक्कसोडपत्राचा मसुदा ताईंनी बाहेर काढला आणि त्यांचा हात थांबला. ‘यात काय लिहिलंय, तुम्हाला माहीत आहे का?’ त्यांनी विचारलं. तिला माहीत नव्हतं. दीड एकराची किंमत किती होणार आहे, हेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

ताईंनी सांगितलं. ‘सही करा किंवा करू नका, ते तुमच्या मनावर. पण आधी वाचून घ्या, वकिलाला दाखवा.’ एवढंच. आठ दिवसांत व्यवहार त्यांच्या हातून गेला. भावांनी दुसरा एजंट धरला, गावात ‘घरं फोडणारी बाई’ असं नाव पडलं, आणि मुलीच्या फीसाठी ताईंनी पाटल्या गहाण ठेवल्या. बहिणींनी पुढं काय केलं? एकीनं सही दिली, दोघींनी दिली नाही. ‘तिनं वाचून दिली,’ ताई म्हणतात, ‘तेवढं मला पुरे.’

मैत्रिणींनो, कायदा काय म्हणतो तेही सांगते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दिला. हा हक्क जन्मानं मिळतो, २००५ साली वडील हयात होते की नव्हते याच्याशी त्याचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. वारसनोंद होताना हितसंबंधितांना नोटीस काढून हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात. पण माहेरच्या पत्त्यावर गेलेली नोटीस सासरी पोहोचणार कशी? आणि नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र नंतर ‘मला कळलं नव्हतं’ म्हणून रद्द करून घेणं फार अवघड. कोर्टाची पायरी, वर्षानुवर्षांच्या तारखा.

स्वखुशीनं, समजून-उमजून भावासाठी हक्क सोडणाऱ्या बहिणी आहेत आणि त्यांच्या मायेला कुणी नावं ठेवू नयेत. पण माया वेगळी आणि अंधारात घेतलेली सही वेगळी. या दोन्हींमधला फरक ज्या क्षणी ठरतो, त्या क्षणी तिथं हजर असते ती व्यक्ती म्हणजे मध्यस्थ. वकील, तलाठी, सब-रजिस्ट्रार हे सगळे नंतर येतात. म्हणूनच या व्यवसायात बायका याव्यात असं मनापासून वाटतं. मात्र ‘बाईच्या शब्दावर बाई विश्वास ठेवते’ हे भांडवल दुसऱ्याच्या हाती देण्यासाठी येऊ नये. तसं झालं, तर पानपट्टीशेजारचा माणूस परवडला!

सोप्या सवयी लावून घ्या. अनोळखी गिऱ्हाइकाला घर दाखवायला दिवसाउजेडी जा, बरोबर कुणीतरी घ्या, कुठं जाताय ते घरी सांगून ठेवा. इसाराची रोकड स्वतःच्या हातात घेऊ नका, ती थेट मालकाच्या खात्यावर जाऊ द्या. प्रत्येक व्यवहार वहीत लिहा. दोन्ही बाजूंकडून दलाली घेणार असाल, तर दोघांनाही ते माहीत असू द्या. आणि सातबारा हाती आला की ‘बहिणी किती?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

आणि ज्या या धंद्यात नाहीत, त्यांच्यासाठीही एक काम. माहेरचा सातबारा शेवटचा कधी पाहिलात? आता डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन पंधरा रुपयांत मिळतो. भांडायला नको, मागायलाही नको. नुसता काढून वाचा. आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे, एवढं तरी कळू दे!

त्या ताईंचं काय झालं? पाटल्या अजून सुटायच्या आहेत. पण गेल्या महिन्यात शेजारच्या गावातून एक म्हातारी त्यांचं घर शोधत आली. ‘सही करायच्या आधी वाचून दाखवणारी बाई तुम्हीच ना? माझं घर विकायचंय,’ ती म्हणाली. ताईंनी चहा टाकला, वही उघडली, आणि या वेळी दलालीचा आकडा पहिल्यांदा लिहून घेतला.