दोन श्रेयांक आणि एक पुस्तक

प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या दिवसांत आपल्या आवारात एक प्रश्न शेकडो वेळा विचारला जातो : "यात मार्क मिळतात का?" प्रश्न विचारणारा बहुधा शास्त्र किंवा वाणिज्य शाखेचा असतो आणि ज्या विषयाबद्दल तो विचारतो, तो आपल्या कला शाखेचा असतो. मुख्य विषय त्याने घरच्यांशी चर्चा करून, बारावीची गुणपत्रिका पुढे ठेवून आधीच ठरवलेला असतो. उरतो तो 'ओपन इलेक्टिव्ह'. अर्जातल्या या रकान्याशी पोहोचेपर्यंत उत्साह संपलेला असतो. मग मित्र जे घेतो ते घ्यायचे, किंवा ज्याचा तास बसच्या वेळेला आड येत नाही ते घ्यायचे, असा निकाल लागतो. या निकालाविषयी मला काही म्हणायचे आहे. मी मराठीची विद्यार्थिनी आहे. तेव्हा हे पाहुणे ज्या घरी येतात, त्या घरातली एक म्हणून बोलते आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले. महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत ते २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या वर्गांना लागू झाले. त्यानुसार एका सत्रात साधारण बावीस श्रेयांक पूर्ण करायचे असतात आणि त्यांतले काही आपल्या शाखेबाहेरच्या विषयातून मिळवावे लागतात. म्हणजे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला गणिताचाच आणखी एक पेपर घेऊन सुटता येत नाही; त्याला इतिहास, तत्त्वज्ञान, मराठी, अर्थशास्त्र असे काही तरी घ्यावेच लागते. आपल्यालाही उलट दिशेने जावे लागते. पहिल्या वर्षाचा असा विषय सामान्यतः दोन श्रेयांकांचा, म्हणजे तीस तासांचा आणि पन्नास गुणांचा. एवढीच ही गोष्ट. ज्या विद्यार्थ्याने दहावीनंतर समाजशास्त्रांना रामराम ठोकला, त्याची आणि त्या विषयांची आयुष्यातली ही बहुधा शेवटचीच भेट असते.

ही कल्पना काही आकाशातून पडलेली नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, आधुनिक संस्कृतीवरचा एक अभ्यासक्रम सर्व विद्यार्थ्यांना सक्तीचा केला. १९३७ मध्ये त्याला साहित्याच्या अभ्यासक्रमाची जोड दिली. पुढे डॉक्टर होणारा असो वा वकील, तेथे प्रथम वर्षाच्या प्रत्येकाने होमरपासूनचे ग्रंथ स्वतः वाचायचे आणि लहान वर्गात बसून त्यांवर बोलायचे, अशी पद्धत आहे. हार्वर्डने सामान्य शिक्षणावरचा आपला गाजलेला अहवाल १९४५ मध्ये काढला. आपल्याकडे डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ मध्ये हीच शिफारस केली की, शास्त्राच्या पदवीधराला मानव्यविद्यांचा आणि कलेच्या पदवीधराला विज्ञानाचा परिचय असलाच पाहिजे. आय. आय. टी.सारख्या संस्थांतही भावी अभियंत्यांना मानव्यविद्यांचे काही अभ्यासक्रम पूर्ण करावे लागतात. तेव्हा कल्पना जुनी आहे, चांगली आहे, आणि कागदावर तिच्याशी कोणाचेच भांडण नाही.

भांडण आहे ते व्यवहाराशी. मुंबई विद्यापीठात 'फाउंडेशन कोर्स' नावाचा पेपर वर्षानुवर्षे होता. त्याचा हेतू असाच उदात्त होता. पण परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडमधले मुद्दे पाठ करायचे आणि तिसऱ्या दिवशी विसरायचे, ही त्याची जनमानसातली ओळख झाली. ओपन इलेक्टिव्हही त्याच वाटेने जाईल की काय, अशी मला धास्ती वाटते.

या धास्तीचे एक कारण आपल्या गुरुजनांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. महाविद्यालयातली प्राध्यापकांची पदे कार्यभारावर ठरतात. ज्या विभागाकडे विद्यार्थी, त्याच्याकडे तास. ज्याच्याकडे तास, त्याच्याकडे पद. तत्त्वज्ञानासारख्या विषयाला मुख्य विषय म्हणून घेणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. अशा विभागाला ओपन इलेक्टिव्हचे शंभर विद्यार्थी म्हणजे प्राणवायू. मग ते शंभर यावेत म्हणून अभ्यासक्रम पातळ करण्याचा मोह होतो. 'व्यक्तिमत्त्व विकास', 'संवादकौशल्य', 'ताणतणावांचे व्यवस्थापन' अशी आकर्षक नावे पुढे येतात. बहुपर्यायी प्रश्न येतात. वाचन जवळजवळ नाहीसे होते. विभाग जगतो, पण विषय मरतो. याला मी कोणा एकाचा दोष म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर पदाची टांगती तलवार आहे, त्याला मी कोणत्या तोंडाने उपदेश करावा? तरीही पाहुण्याला पातळ आमटी वाढून आपण घराचे नाव राखत नाही, एवढे म्हणण्याचा हक्क घरच्या मुलीला असावा.

यावर शास्त्र शाखेतला माझा एक मित्र काय म्हणतो तेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो म्हणतो, "तुम्हा कलावाल्यांना बोलायला काय जाते? आम्हाला प्रॅक्टिकल, जर्नल, तोंडी परीक्षा. एका सत्रात आठ-नऊ विषय. संध्याकाळी मी मेडिकलच्या दुकानात उभा राहतो. एखादा पेपर सोपा मिळाला, तर तुमच्या पोटात का दुखते?" त्याचे म्हणणे खोटे नाही. बावीस श्रेयांक इतक्या तुकड्यांत वाटले आहेत की, विद्यार्थ्याचा दिवसही तुकड्या-तुकड्यांचा झाला आहे. म्हणूनच या विषयाचे ओझे वाढवा, असे माझे मागणे नाही. तीस तास तीसच राहू द्यावेत. त्या तीस तासांत तो काय करतो, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या मते त्या तीस तासांत एकच गोष्ट घडली तरी पुरे : विद्यार्थ्याने एक पुस्तक, लहानसे का होईना, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे आणि त्याबद्दल स्वतःच्या शब्दांत चार पाने लिहावीत. 'हडप्पापासून आजपर्यंतचा भारत' तीस तासांत कोणालाच शिकवता येत नाही. तेथे नुसती सनावळी हाती लागते. विषय जितका मोठा, तितके हाती कमी येते. उलट एखादा लहान प्रश्न घेतला, तर तीस तास पुष्कळ असतात.

उदाहरणे देते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला इतिहास विभागाने १८९७ चा प्लेग शिकवावा. त्याच वर्षी हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. आणि त्याच वर्षी पुण्यात घरोघरच्या झडतीचा लोकक्षोभ रँडच्या खुनापर्यंत पोहोचला. तोच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी महाराष्ट्रात पुन्हा वापरला गेला. लस चांगली असूनही लोक का भितात, सरकारने उंबरठ्याच्या आत किती यावे, हे प्रश्न तिच्या प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत; पण उद्या ती ज्या व्यवसायात जाणार, तेथे ते तिच्यासमोर उभे राहणारच. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मराठी विभागाने जोतीराव फुले यांचे 'शेतकऱ्याचा असूड' सबंध वाचायला द्यावे. १८८३ मधल्या या पुस्तकात शेतकऱ्याच्या पिळवणुकीबरोबरच माती, पाणी, बंधारे आणि जनावरांची पैदास यांचाही विचार आहे. वाणिज्यच्या विद्यार्थ्याला अर्थशास्त्र विभागाने १९७२ चा दुष्काळ आणि त्यातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना शिकवावी. खडी फोडायला गेलेली माणसे अजून आपल्या गावांत आहेत. आजीला चार प्रश्न विचारून लिहिलेले टिपण आणि योजनेचे सरकारी कागद शेजारी ठेवले, म्हणजे आकडा आणि माणूस यांतले अंतर त्याला जे कळेल, ते कोणत्याही गाईडमध्ये सापडणार नाही.

ज्ञानाच्या शाखांमधल्या या भिंती किती कृत्रिम आहेत, हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात १९०७ मध्ये जन्मले, हार्वर्डला शिकले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत होते आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणितज्ञ होते. या गणितज्ञाने प्राचीन आहत नाणी तराजूत घातली. वापरात झिजून त्यांचे वजन किती घटले याचा संख्याशास्त्राने हिशेब केला आणि त्यातून इतिहासाला प्रश्न विचारले. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्तीही त्यांनीच सिद्ध केली. भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा त्यांचा ग्रंथ १९५६ मध्ये निघाला. त्यांची मते मान्य असोत वा नसोत, त्यानंतर इतिहास लिहिणाऱ्याला त्यांना ओलांडून जाता आले नाही. पुण्याभोवतालची लेणी आणि रानातल्या देवींची ठाणी पाहत ते पायी हिंडले. दोन श्रेयांकांनी कोणी कोसंबी होत नाही, हे मलाही कळते. पण 'हा माझा प्रांत नाही' हे वाक्य अठराव्या वर्षीच तोंडात बसू नये, एवढे तरी त्या दोन श्रेयांकांनी साधावे.

आणखी एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. आपल्याकडे शास्त्र शाखेत येणारी कितीतरी मुले मराठी माध्यमातून आलेली असतात. अकरावीपासून त्यांचे सारे शास्त्र इंग्रजीत होते. समजलेलेही सांगता येत नाही, म्हणून ती वर्गात गप्प बसतात आणि हळूहळू त्या गप्प बसण्यालाच त्यांचे स्वतःचे मन 'आपल्याला येत नाही' असे नाव देते. कला शाखेच्या बहुतेक विषयांची उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते. म्हणजे सबंध आठवड्यात त्या मुलाला ज्या भाषेत विचार करता येतो, त्याच भाषेत वाद घालण्याची ही एकच जागा. तेथेही आपण त्याच्यापुढे चार पर्याय ठेवून 'योग्य त्यावर खूण करा' म्हणणार असू, तर त्याला बोलायला जागा राहिली कोठे? इंग्रजी त्याला शिकावी लागेलच आणि ती त्याने शिकावी. पण आपल्या भाषेत नीट चार पाने लिहून 'मला असे वाटते, आणि याची कारणे ही' असे म्हणून पाहिलेला मुलगा इंग्रजीलाही कमी घाबरेल, असा माझा विश्वास आहे.

तेव्हा पुढच्या जूनमध्ये जे अर्ज भरतील, त्या धाकट्या भावंडांना माझे सांगणे एवढेच आहे. 'यात मार्क मिळतात का?' हा प्रश्न जरूर विचारा. मार्क कोणाला नकोत? पण त्याच्या जोडीला आणखी चार प्रश्न विचारा. या विषयात मला कोणते पुस्तक पूर्ण वाचावे लागेल? मला स्वतःच्या शब्दांत काय लिहावे लागेल? हे कोण शिकवते, आणि त्यांच्या एका तासाला आधी बसून पाहता येईल का? आणि उत्तरपत्रिका मला माझ्या भाषेत लिहिता येईल का? पहिल्या दोन प्रश्नांना 'काही नाही' असे उत्तर आले, तर तो विषय सोपा आहे असे समजू नका. त्यात तुमचे तीस तास जातील आणि बदल्यात काहीच मिळणार नाही. म्हणून तो महागच आहे. आपल्या कला शाखेच्या मित्रमैत्रिणींनाही हेच लागू आहे. आपणही वाणिज्य आणि शास्त्राच्या दारात 'सोपे काय आहे?' असे विचारत उभे असतो. बँकेचा ताळेबंद वाचता येणे किंवा वर्तमानपत्रातली टक्केवारी तपासता येणे, हे आपल्याला नको आहे काय?

आणि गुरुजनांना एक विनंती. प्रत्येक विभागाने सर्व विषय बदलावेत असे नाही. फक्त एक विषय असा ठेवावा, ज्यात एकच पुस्तक असेल, वर्ग तीस-चाळीसांचा असेल आणि निम्मे गुण लेखनाला असतील. ग्रंथपालांनी त्या पुस्तकाच्या वीस प्रती आणून ठेवाव्यात. पहिल्या वर्षी दहाच विद्यार्थी येतील कदाचित. ते दहा जण वसतिगृहात, कँटीनमध्ये, बसमध्ये त्या पुस्तकाविषयी बोलतील; पुढच्या वर्षी पंचवीस येतील. मुले सोप्याच मागे धावतात, हे सर्वस्वी खरे नाही. त्यांच्यापुढे दुसरे काही ठेवलेच गेले नाही, हेही तितकेच खरे आहे. एक वर्ष ठेवून तर पाहावे.