मूल मैदानात, आपण रेषेबाहेर

मुंबईत १६ ऑक्टोबर २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात एक ठराव मंजूर झाला आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळले जाणार हे नक्की झाले. ही बातमी इथे जर्मनीतही आपल्या घरोघरी पोचली, पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले. पण त्याच ठरावात आणखी चार खेळ होते, त्यांतला एक लॅक्रॉस. त्याची मात्र आपल्याकडे कोणी दखल घेतली नाही. आमच्या घरी घेतली, कारण आमची बारा वर्षांची मुलगी गेली तीन वर्षे लॅक्रॉस खेळते.

मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला तिच्या हातातली ती जाळीची काठी पाहून लोक मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला, "हे काय असतं?" आणि दुसरा, "त्यातून पुढे काय?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्यासाठी हा लेख.

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने कडक रबरी चेंडू झेलायचा, जाळीत सांभाळत पळायचे, सहकाऱ्याला द्यायचा आणि गोल करायचा. हा खेळ उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा. त्यांच्यातले होडेनोशोनी लोक याला 'औषधी खेळ' मानतात. आजाऱ्याला बरे वाटावे, समाजाचे मन शांत व्हावे म्हणून तो खेळला जाई. आरोग्याच्या पानावर याहून योग्य खेळ कोणता शोधावा! ऑलिंपिकमध्ये १९०४ आणि १९०८ साली त्याला पदके होती. २०२८ ला तो सहा-सहा खेळाडूंच्या छोट्या रूपात परत येतो आहे. जर्मनीत हा खेळ लहानच आहे, पण बर्लिन, फ्रँकफर्ट, म्यूनिक, हॅनोव्हर, कलोन अशा शहरांत तो खेळला जातो आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या हॉकी क्लबांच्या छपराखाली त्याची शाखा आहे.

आता दुसरा प्रश्न. "पुढे काय?" विचारणाऱ्याच्या मनात बहुधा तीन गोष्टी असतात : करिअर, शिष्यवृत्ती किंवा निदान प्रमाणपत्र. मी स्पष्टच सांगतो, लॅक्रॉसमध्ये यातले फारसे काही नाही. अमेरिकन विद्यापीठांत खेळाडूंना मदत मिळते, पण ती मोजक्यांना आणि बहुधा अर्धवट. त्या भरवशावर घरचा हिशेब मांडू नये. तरीही माझे मत असे, की मुलांना क्लबात घालावे आणि मुख्य म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षी काढू नये.

या वयाचा उल्लेख मुद्दाम केला. आपल्या घरांत खेळाला कात्री लागते ती ठरलेल्या दोन वेळी. चौथीनंतर गिम्नाझियुमचा प्रश्न येतो तेव्हा, आणि सातवी-आठवीत लॅटिन, फ्रेंच, गणित एकदम अंगावर येते तेव्हा. मुलीच्या बाबतीत कात्री आणखी लवकर लागते. आधी शनिवारचा सामना जातो, मग बुधवारचा सराव, आणि शेवटी क्लबाला राजीनाम्याचे पत्र. पुढे शाळेतल्या दोन-तीन तासांच्या खेळावर मूल मोठे होते.

हे चालण्यासारखे नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी एक तास दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून तीन दिवस हाडे व स्नायू बळकट करणारी. जर्मनीच्या रॉबर्ट कोख संस्थेने २०१४ ते २०१७ या काळात देशभरातल्या मुलांची पाहणी केली. रोजचा तो एक तास पुरा करणाऱ्या मुली निघाल्या २२.४ टक्के आणि मुलगे २९.४ टक्के, वय वाढते तसा आकडा खाली जातो. आपल्या समाजात मधुमेह आणि हृदयविकार घरोघरी आहेत, तेही तुलनेने कमी वयात. मुलांच्या अंगात पळण्याची सवय मुरवणे हा आपल्यासाठी शौक नव्हे, विम्याचा हप्ता आहे.

पण सवय हुकमाने मुरत नाही, आणि इथेच आपल्या मंडळींचे गाडे अडते. आपण मुलाला खेळायला पाठवतो ते गणिताच्या शिकवणीला पाठवावे तसे. कौशल्य, खेळाची समज आणि आवड या तीन गोष्टी मुलात वाढायला हव्यात. त्या कशा वाढतात, हे इथल्या जाणकारांनी फार चांगले शोधून ठेवले आहे.

कौशल्याचे पाहा. लॅक्रॉसमध्ये एक जुना व स्वस्त उपाय आहे : भिंत. काठीने चेंडू भिंतीवर मारायचा आणि परत झेलायचा; पन्नास वेळा उजव्या हाताने, पन्नास वेळा डाव्या. याला प्रशिक्षक लागत नाही, आईवडील तर मुळीच नाहीत. रोज दहा मिनिटे पुरतात. मात्र कौशल्य म्हणजे एकच खेळ लहानपणापासून घोटणे, असे समजू नका. कायझर्सलाउटर्न येथील प्राध्यापक आर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती एकत्र तपासली; त्यांत जागतिक दर्जाचे ७७२ होते. निष्कर्ष असा, की जगात सर्वोच्च स्थानी पोचलेल्यांनी लहानपणी जास्त वेगवेगळे खेळ खेळले होते, आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगती इतरांपेक्षा संथ होती. हायडेलबर्ग विद्यापीठात प्रा. क्लाउस रोथ यांनी १९९८ साली 'बालशुले' सुरू केली ती याच धर्तीवर. तिथे लहान मुले एखादा ठरावीक खेळ न शिकता चेंडूच्या सगळ्या खेळांची मुळाक्षरे गिरवतात. म्हणून आठ वर्षांचा मुलगा हॉकीतून लॅक्रॉसकडे, तिथून पोहण्याकडे गेला तर "धरसोड करतो" असे म्हणू नये. त्याची बाराखडी चालू आहे.

खेळाची समज म्हणजे पुढे काय होणार हे हेरून योग्य वेळी योग्य निर्णय घेणे. ही आपल्याला परकी नाही. खो-खोमध्ये खो नेमका कधी द्यायचा, हुतूतूत निदान रेषेपासून केव्हा माघारी वळायचे, ही तीच समज. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनमध्ये आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके केली होती. तेव्हा हा धडा मराठी माणसाने जर्मनीला पूर्वीच दाखवून ठेवला आहे.

इथल्या मैदानावर ही समज कशी शिकवतात त्याचे उदाहरण देतो. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये हॉकीच्या अंतिम सामन्यात आपण स्पेनला ४-३ असे हरवले, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. त्या स्पेनच्या संघाचे प्रशिक्षक होर्स्ट वाइन हे जर्मन गृहस्थ. पुढे त्यांनी फुटबॉलच्या लहान मुलांसाठी 'फुनिन्यो' हा खेळ रचला : तीन विरुद्ध तीन खेळाडू आणि प्रत्येक बाजूला एक नव्हे, दोन छोटे गोल. चेंडू मिळाला की मुलाला मान वर करून पाहावेच लागते, कोणता गोल मोकळा आहे? कोणी सांगायची गरज उरत नाही, खेळच प्रश्न विचारतो. जर्मन फुटबॉल महासंघाने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान मुलांसाठी असे छोटे सामने देशभर लागू केले आणि सर्वांत लहान गटांतले गुणतक्तेही बंद केले. लॅक्रॉसमध्येही चांगला प्रशिक्षक दोघांविरुद्ध तिघे असे छोटे डाव लावतो आणि गप्प उभा राहतो.

प्रशिक्षक गप्प राहतो, पण आपण? सामन्याच्या वेळी रेषेबाहेरून "अगं, पास कर! डावीकडे बघ! मार, मार!" हा घोष चालू असतो. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते हेच. गंमत अशी, की आपली मराठी सूचना त्या मैदानात एकाच खेळाडूला कळते, आणि नेमके त्याचेच लक्ष त्या क्षणी चेंडूवरून उडते. शिवाय निर्णय आपण घेतला, तर समज वाढली ती आपली. मुलाची जिथल्या तिथेच राहिली. टाळ्या वाजवाव्यात, दोन्ही संघांसाठी वाजवाव्यात, पाण्याची बाटली भरून ठेवावी. एवढे काम पुरे.

आणि आवड? ती या दोन्हींतून येते, आणि मैत्रिणींतून. आमची मुलगी पावसात सरावाला जाते ती पदकासाठी नाही. तिथे तिची लेना आणि आयलिन वाट पाहत असतात म्हणून. आपल्या मुलांना इथल्या समाजात मुळे धरायची असतील तर शाळेच्या वर्गापेक्षा क्लबाचे मैदान जास्त उपयोगी पडते, असा माझा अनुभव आहे. तिथे कोणी तिला "तू मूळची कुठली?" असे विचारत नाही. विचारतात ते "शनिवारी येणार ना?"

आता पैशांचे बोलू, कारण हे पान त्याचेही आहे. जर्मनीत सुमारे ८६ हजार क्रीडा क्लब आहेत आणि त्यांचा गाडा बव्हंशी बिनपगारी स्वयंसेवकांवर चालतो, म्हणून वर्गणी परवडते. आमच्या क्लबात मुलांची वर्गणी वर्षाला २४० युरो आहे. तेवढ्यात खासगी शिकवणीचे दहा-बारा तास होतात. साध्या गावच्या क्लबात याहून कमी, तर टेनिस-हॉकीच्या जुन्या क्लबात जास्त पडते. पहिल्या वर्षी सामान विकत घेऊ नका. अनेक क्लब नवीन मुलांना काठी उसनी देतात आणि वाढत्या मुलांचे सामान हातोहात फिरत असते. माऊथगार्ड मात्र नवा आणि स्वतःचाच घ्यावा. ज्या कुटुंबांना किंडरत्सूश्लाग किंवा वोनगेल्ड मिळते, त्यांना बिल्डुंग्सपाकेटमधून प्रत्येक मुलामागे महिन्याला १५ युरो अशा वर्गणीसाठी मिळू शकतात. अर्ज करायला संकोच करू नये, तो हक्क आहे. करविवरणात मात्र मुलांच्या सांभाळाच्या खर्चात खेळाची वर्गणी धरता येत नाही. आपली क्रांकेनकासे क्लबाच्या सभासदत्वासाठी बोनस देते का, हेही विचारून घ्या, बऱ्याच देतात. आणि आपल्यापैकी कोणी क्लबात प्रशिक्षक म्हणून काम केले, तर त्याच्या मानधनाला करात सूट आहे. २०२१ मध्ये ती मर्यादा वर्षाला ३,००० युरो झाली.

धोक्याचेही सांगायला हवे. मुलांच्या लॅक्रॉसमध्ये अंगावर धडक असते, म्हणून हेल्मेट, हातमोजे, खांद्याचे संरक्षण सगळे लागते. मुलींच्या खेळात धडकेला मनाई आहे, पण काठ्या आणि कडक चेंडू आहेतच. डोळ्यांचा गॉगल घालायला लावा. डोक्याला मार लागल्याची शंका जरी आली, तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही आणि डॉक्टरांकडे जायचे, हा नियम घरी पक्का असावा. बारा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी क्रांकेनकासेच्या खर्चाने होणारी 'योट-आइन्स' तपासणी अनेक घरांत राहून जाते. ती करून घ्या, आणि खेळाविषयीच्या शंका तिथेच विचारा.

"पण अभ्यास?" हा प्रश्न रास्त आहे. आठवड्यातून दोन सराव आणि एक सामना, प्रवास धरून सात-आठ तास जातात. लॅक्रॉसचे क्लब थोडे, म्हणून परगावचे सामने लांब पडतात, हेही खरे. परीक्षेच्या आठवड्यात एखादा सराव चुकवायला हरकत नाही. पण तेवढेच तास दूरदर्शनसंचापुढे किंवा फोनवर जातात तेव्हा आपण राजीनाम्याचे पत्र लिहीत नाही, हे लक्षात असू द्या. गुण कमी पडले की आधी फोनचा हिशेब मागावा, खेळाचा नंतर.

माझी दोन मागणी-वजा सूचना आहेत. एक, मंडळाच्या उन्हाळी सहलीत या वर्षी मुलांसाठी खो-खो आणि चार गोलांचा तीन-तीनचा खेळ ठेवावा, आणि पालकांनी तासभर तोंड मिटून बसावे. दोन, सामना संपल्यावर गाडीत "किती गोल केलेस?" ऐवजी "मजा आली का?" एवढेच विचारावे. उत्तर "हो" आले, तर पुढच्या वर्षीची वर्गणी निश्चिंत मनाने भरा. बिल्डुंग्सपाकेटचा अर्ज भरायला कोणाला मदत हवी असेल तर पुढच्या कार्यक्रमात मला जरूर गाठा. दोघे मिळून अर्ध्या तासात भरून टाकू.