पत्रिका पाहता, रक्तही पाहा

कावीळ म्हटली की आमच्याकडे झाडपाल्याचे औषध आणि पथ्यपाणी एवढेच डोळ्यांसमोर येते. परंतु १९८९ साली ज्याची ओळख पटली तो हिपॅटायटिस सी हा विषाणू निराळ्याच जातीचा आहे. बहुधा डोळे पिवळे न करताच तो वर्षानुवर्षे यकृत पोखरीत राहतो; आणि गर्भवतीच्या रक्तात असला तर पोटातील बाळाकडेही जाऊ शकतो. शंभर बाधित मातांच्या बाळांपैकी साधारणपणे पाच-सहांना त्याची लागण होते. मातेला एचआयव्हीचीही बाधा असल्यास हे प्रमाण वाढते.

आकडा लहान आहे म्हणून स्वस्थ बसणे आम्हांस मान्य नाही. हिपॅटायटिस बी असलेल्या मातेच्या बाळाला जन्मानंतर चोवीस तासांत लस टोचता येते. सी वर लसच नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती केली तरी धोका टळत नाही. जे करावयाचे ते गर्भधारणेपूर्वीच केले पाहिजे, आणि तेव्हा करण्यासारखे पुष्कळ आहे. बहुतेक रुग्ण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरे होतात, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. गर्भारपणात मात्र ही औषधे सरसकट दिली जात नाहीत.

मग सोयरीक जुळविताना नाडी आणि गुण पाहणाऱ्या आमच्या समाजाला वधूवर दोघांच्याही रक्ताची ही तपासणी जड का वाटावी? ‘दोघांच्याही’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरीत आहोत. कारण दोष सापडला की तो सुनेच्या माथी मारण्याची खोड जुनी आहे. बऱ्या होणाऱ्या रोगापायी लग्न मोडणे हा निव्वळ अडाणीपणा होय. सरकारनेही गर्भवतीची एचआयव्हीसाठी जशी तपासणी होते तशी हीही सर्वत्र सुरू करावी. अमेरिकेत प्रत्येक गर्भारपणात ती करावी, अशी शिफारस २०२० साली झाली आहे.

बाधित बाळंतिणीचे बाळ अंगावरून तोडण्याचा सल्ला शेजारपाजारी हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. दुधातून हा रोग जात नाही. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तेवढे दिवस अंगावर पाजू नये, इतकेच. बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये दीड वर्षापर्यंत राहू शकतात. त्याआधी केलेल्या प्रतिद्रव्यांच्या चाचणीवरून घाबरून जाऊ नये. काही बालके औषधाविना विषाणुमुक्त होतात. उरलेल्यांसाठी, तीन वर्षे पूर्ण झाल्यावर हीच औषधे द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितले आहे.