आलेरला थांबलेला खटला

सिकंदराबादहून काझीपेठेकडे जाणारी गाडी भोंगीर सोडते, यादगिरीगुट्ट्याला जाणारे रायगीरला उतरून जातात आणि मग आलेर येते. गावात मुद्दाम बघण्यासारखे फारसे काही नाही. पण पोलिसाच्या मारेकऱ्याला काय शिक्षा व्हावी, असा वाद आपल्या हैदराबादेत निघाला की मला आधी आलेर आठवते, कायद्याचे पुस्तक नंतर.

७ एप्रिल २०१५ रोजी वारंगळच्या तुरुंगातून पाच कच्च्या कैद्यांना तारखेसाठी हैदराबादच्या न्यायालयात आणत होते. त्यांत विकारुद्दीन अहमद होता. मक्का मशीद स्फोटाच्या दुसऱ्या वर्षदिनी, म्हणजे १८ मे २००९ ला फलकनुम्यात एका होमगार्डला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यातच शाहअली बंड्यात एका कॉन्स्टेबलला गोळ्या घातल्याचा आरोप त्याच्यावर होता. सोबत सतरा जणांचा एस्कॉर्ट. आलेरजवळ त्या गाडीतच पाचही जण मारले गेले. लघवीच्या निमित्ताने गाडी थांबवायला लावली आणि शस्त्र हिसकावायला गेले, असे पोलिसांनी सांगितले. दुसऱ्या दिवशी जी छायाचित्रे छापून आली, त्यांत मृतांच्या हातांत बेड्या होत्या.

त्याआधीचा आठवडा पोलिसांना फार वाईट गेला होता, हेही सांगायला हवे. १ एप्रिलच्या रात्री सूर्यापेटच्या बसस्टँडवर तपासणी करताना एक कॉन्स्टेबल आणि एक होमगार्ड गोळीबारात गेले. ज्यांनी ते केले ते दोघे ४ एप्रिलला जानकीपुरमला चकमकीत मारले गेले, त्या चकमकीतही पोलिसांचे बळी पडले. म्हणजे सूर्यापेटचे मारेकरी तीन दिवस आधीच संपले होते. आलेरचे पाच जण वेगळे. सूर्यापेट घडले तेव्हा ते वारंगळच्या कोठडीत होते.

पोलीस मारला गेला की लोक म्हणतात, यासाठी वेगळा कडक कायदा करा. भारतीय न्याय संहितेत पोलिसाच्या खुनाला वेगळे कलम नाही, हे खरे. कलम १०३ सगळ्यांना सारखेच आहे: फाशी किंवा जन्मठेप. दहशत माजवण्याच्या हेतूने सरकारी पदाधिकाऱ्याचा जीव घेतला तर ते दहशतवादी कृत्य ठरते आणि तिथेही शिक्षा हीच. फाशीच्या पुढे वाढवायचे काय? उरतो प्रश्न न्यायाधीशाच्या विवेकाचा, आणि तोही १९८० मध्येच चर्चेला येऊन गेला आहे. बचनसिंग खटल्यात ज्येष्ठ वकील डॉ. वाय. एस. चितळे यांनी फाशीकडे झुकवणाऱ्या परिस्थितींची जी यादी सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली, तीत कर्तव्यावर असलेल्या, किंवा कर्तव्य बजावल्याचा सूड म्हणून मारलेल्या पोलिसाचा आणि सैनिकाचा खून स्पष्टपणे होता. मारला गेला तेव्हा तो निवृत्त झालेला असला तरीही. न्यायालयाने ही गमके मान्य केली, मात्र न्यायाधीशाचे हात बांधायला नकार दिला.

हात बांधण्याचा प्रयोग आपल्याकडे झालेला आहे. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०३ नुसार जन्मठेपेच्या कैद्याने खून केला तर फाशी सक्तीची होती, दुसरा पर्यायच नाही. ते कलम मुख्यतः तुरुंगातल्या शिपायांना संरक्षण मिळावे म्हणून घातले होते. १९८३ मध्ये मिठू खटल्यात सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घटनाबाह्य ठरवले. आरोपी कोण, प्रसंग काय, हे बघण्याची मुभाच ज्या न्यायाधीशाला नाही त्याने करायचे काय, असा तो मुद्दा होता. नव्या संहितेत तेच कलम १०४ होऊन परत आले, पण फाशी किंवा मरेपर्यंत कैद, अशी निवड घेऊन.

घाई आणि सूड कुठे नेतात हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळींत सोलापूरची माणसे कमी नाहीत. मे १९३० च्या दंगलीत दोन पोलीस मारले गेले. शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना त्या खुनांसाठी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढवले. सरकारला चार नावे हवी होती, चार मिळाली. आज त्यांचे पुतळे भर चौकात आहेत. विलायतही या बाबतीत शहाणी नव्हती. लंडनजवळ क्रॉयडनला एका पोलिसाच्या खुनाबद्दल डेरेक बेंटली या १९ वर्षांच्या पोराला जानेवारी १९५३ मध्ये फाशी दिली. गोळी त्याच्या साथीदाराने झाडली होती आणि त्या क्षणी बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. त्याला दोषी ठरवणारा निकाल रद्द व्हायला १९९८ उजाडले.

याच येरवड्यात २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाबला फाशी झाली. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर, तुकाराम ओंबळे, ही नावे कुणाला सांगायला नकोत. पोलिसांचा त्याहून मोठा गुन्हेगार महाराष्ट्राने पाहिलेला नाही, आणि त्याच्यावर खटला चालला. ओंबळ्यांनी रायफलची नळी मरेपर्यंत सोडली नाही म्हणून तो जिवंत हाती लागला. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय बसवले, म्हणजे आरोपीला तारखेसाठी रस्त्यावरून न्यायचा प्रश्नच मिटला. करकऱ्यांच्या गाडीत मागे जखमी होऊन पडलेले कॉन्स्टेबल अरुण जाधव साक्षीला उभे राहिले. एप्रिल २००९ मध्ये सुरू झालेला खटला मे २०१० मध्ये निकाली निघाला. आणि न्यायाधीश ताहिलियानी यांनी कसाबला दोषी ठरवताना त्याच निकालात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद यांना निर्दोष सोडले. सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवले. आलेरच्या गाडीतल्या पाच जणांवरचे आरोपसुद्धा एकाच वजनाचे नव्हते. त्यांतला फहीम अन्सारी कोण होता, असलाच तर, हे आता कुणीही ठरवू शकणार नाही.

हे लिहिले की पत्र येते: तुमच्या घरातला पोलीस गेला असता तर? रास्त प्रश्न आहे. पण ज्यांचा गेला त्यांना तरी काय मिळाले? फलकनुम्याच्या होमगार्डला कुणी मारले याचा निकाल कुठल्याही न्यायालयात लागला नाही, आता लागणारही नाही. ग्रेहाउंड्स हे नक्षलविरोधी दल उभारणारे आयपीएस अधिकारी के. एस. व्यास २७ जानेवारी १९९३ ला लाल बहादूर स्टेडियमवर फिरायला गेले असता नक्षलवाद्यांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यातला एक आरोपी नईम. तो पुढे खंडणीचे राज्य चालवणारा गुंड झाला, पोलिसांतल्याच काहींनी त्याला वापरून घेतल्याचे वर्तमानपत्रांत कितीदा तरी छापून आले, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये शादनगरला तोही चकमकीत गेला. त्याला कोण पोसत होते हे ज्याने भर न्यायालयात सांगितले असते तोच उरला नाही. काहींची चांगलीच सोय झाली असणार.

शादनगरजवळच डिसेंबर २०१९ मध्ये ‘दिशा’ बलात्कार-खून प्रकरणातले चार आरोपी मारले गेले. शस्त्र हिसकावल्याचीच ती कथा. नागपूरचे न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या आयोगाने ती खोटी ठरवली आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा असे लिहून दिले. इथे लोकांनी त्याच पोलिसांवर फुले उधळली होती, हेही मी विसरलेलो नाही.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिनाला गोशामहलच्या मैदानावर त्या वर्षी गेलेल्यांना मानवंदना दिली जाते. २०२५ साली तो दिवस निजामाबादच्या सावटाखाली आला. आपल्या मराठी सीमेला लागून असलेल्या त्या गावात, आठवडाही झाला नव्हता, मोटारसायकलवरून ठाण्यात नेले जात असताना एका सराईत गुन्हेगाराने कॉन्स्टेबलला भोसकून मारले होते. पकडला गेला, आणि २० तारखेला सरकारी दवाखान्यात पोलिसांच्या गोळीने मेला. कारण पुन्हा तेच, शस्त्र हिसकावण्याचा प्रयत्न. दुसऱ्या दिवशी मानवंदना झाली. भरपाई जाहीर झाली, ती व्हायलाच हवी होती.

खटला मात्र होणार नाही. तो झाला असता तर आरोपीच्या वकिलाने उलटतपासणीत पहिला प्रश्न हाच विचारला असता की असल्या माणसाला ठाण्यात न्यायला मोटारसायकल कशी चालली, जीप का नव्हती, सोबत किती जण दिले होते, अंगझडती कुणी घेतली. उत्तर ठाण्याच्या अधिकाऱ्याला शपथेवर द्यावे लागले असते.