एका सामन्याचा मोसम

कॉलेजच्या फुटबॉल संघाचा मोसम कसा असतो? आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या असतात, म्हणजे हरलात की घरी. चांगलं खेळणाऱ्यांची पुणे शहर विभागाच्या संघात निवड होते. मग पुणे जिल्हा, नाशिक आणि अहिल्यानगर या विभागांशी गाठ. त्यातून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संघ ठरतो आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश इथली विद्यापीठं असतात. त्यातले पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेला. ही शिडी कागदावर मुलगे आणि मुली दोघांना सारखीच आहे.

प्रत्यक्षात मुलींच्या अनेक संघांचा मोसम एका सामन्यात संपतो. ओंकारेश्वरापाशी पूल ओलांडून पलीकडच्या कॉलेजांत जाणाऱ्या शनिवार पेठेतल्या मुली आमच्या गटात येतात. त्यांच्या बोलण्यातून दरवर्षी तीच हकिकत कानावर येते. स्पर्धेच्या आठवडाभर आधी नोटीस लागते. खो-खोतल्या चार, हँडबॉलमधल्या तीन, धावणाऱ्या दोघी आणि मैत्रिणीच्या आग्रहाखातर आलेल्या दोघी, अशा अकराजणी जमतात. सरावाला मैदान मिळतं ते मुलग्यांचा सराव संपल्यावर. मग पाच-सहा गोलांनी हार होते आणि शेरा तयारच असतो, ‘मुलींना फुटबॉल जमतच नाही.’

मुलग्यांचा संघही पहिल्या फेरीत हरतो की! पण त्यांचा मोसम तिथे संपत नाही. त्यांना क्लब असतो, लीग असते आणि रोजची संध्याकाळ असते. आमच्या पेठेत शाळांची मैदानं सोडली तर मोकळी जागा नाही. नदीपात्रात, शनिवारवाड्यासमोर संध्याकाळी चेंडू दिसतो तो मुलग्यांच्याच पायात. मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की रस्त्यावरून घरात येते आणि अठराव्या वर्षी कॉलेज तिला विचारतं, संघात येतेस का? मधली सात वर्षं कुणी घेतली, हे मात्र कुणीच विचारत नाही.

‘आम्ही बोलावतो, पण मुलीच येत नाहीत,’ हे क्रीडा विभागाचं नेहमीचं उत्तर. का येत नाहीत? सराव पहाटे सहाला असेल तर त्या वेळी ती घरात डबे भरत असते. संध्याकाळी सातनंतर असेल तर अंधारात परत येण्याचा प्रश्न. मैदानावर कपडे बदलायला खोली नाही, धड संडास नाही, पाळी असेल तर काय करायचं? अर्ध्या चड्डीवरून घरात वाद. बुटांना पैसे हवेत, आणि ते घरात आधी भावाला मिळतात. बाहेरगावी स्पर्धा असली की संघाबरोबर जायला शिक्षिका मिळत नाही, म्हणून संघच जात नाही. एवढं सगळं ओलांडून जी मुलगी मैदानावर पोचते, तिला खेळात रस नाही असं म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे.

दुसरा आक्षेप शरीराचा. गुडघ्यातल्या अस्थिबंधाची दुखापत स्त्री-खेळाडूंना पुरुषांपेक्षा जास्त होते, हे खरं आहे. पण नीट वॉर्म-अप आणि मांडीचे, कंबरेचे स्नायू बळकट करणारे व्यायाम नियमित घेतले तर तिचं प्रमाण बरंच खाली येतं, हेही तितकंच सिद्ध झालेलं आहे. आठवडाभराच्या तयारीवर मुलीला नव्वद मिनिटांच्या सामन्यात उतरवायचं आणि ती जायबंदी झाली की निसर्गाकडे बोट दाखवायचं, हे आपल्या ओळखीचं राजकारण आहे.

इंग्लंडमध्ये १९२० साली लिव्हरपूलच्या एका महिला सामन्याला पन्नास हजारांवर प्रेक्षक आले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल संघटनेनं हा खेळ बायकांना योग्य नाही असं ठरवून आपल्या सदस्य क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. ती बंदी पन्नास वर्षं टिकली. भारतात बंदी घालावी लागली नाही, दुर्लक्ष पुरलं. १९८० साली कोळिकोडला आणि १९८३ साली बँकॉकला झालेल्या आशियाई स्पर्धांत भारताच्या मुली उपविजेत्या होत्या. २००९ साली मात्र दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळल्यामुळे भारताचा महिला संघ फिफाच्या क्रमवारीतून वगळला गेला. कुणाशी हरून नव्हे, न खेळवल्यामुळे! जुलै २०२५ मध्ये याच देशाच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवलं आणि पात्रता फेरीतून आशियाई चषकात जागा मिळवली. सामने मिळाले की खेळ येतो, इतकी ती साधी गोष्ट आहे.

आईबापांची भीती मी उडवून लावणार नाही. २०२३ साली देशातल्या नामवंत कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जंतरमंतरवर बसावं लागलं, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्यावरचा उपाय मुलीला घरी बसवणं हा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट समावेश आहे. कॉलेजची तक्रार समिती मैदानापर्यंत पोचते का, हे आपण विचारायला हवं.

मैत्रिणींनो, बाईच्या शरीराबद्दल आपण पुष्कळ बोललो. मारहाण, बलात्कार, हुंडाबळी, गर्भपात, कुपोषण, यांवर बोलणं भागच होतं आणि आहे. पण ज्या शरीराला इजा होऊ नये म्हणून आपण लढतो, त्या शरीरानं धावावं, धडकावं, चिखलात पडून हसत उठावं, हा आनंदही तिचा हक्क आहे. तो चैनीचा विषय म्हणून आपण बाजूला ठेवू नये.

सुरुवात हिशेबापासून करता येईल. जिमखाना फी मुलगी आणि मुलगा सारखीच भरतात. तेव्हा आपापल्या भागातल्या कॉलेजात जाऊन चार प्रश्न विचारू या. या फीमधून गेल्या वर्षी मुलींच्या संघांवर किती खर्च झाला? आठवड्यातले किती तास मैदान मुलींसाठी राखून ठेवलं आहे? मैदानावर मुलींसाठी संडास आणि कपडे बदलायची खोली आहे का? मुलींचा संघ वर्षभरात किती सामने खेळला? सरकारी अनुदान घेणारं कॉलेज असेल तर ही माहिती माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली लेखी मागता येते. आणि २०११ पासून महाराष्ट्रात महापालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत. पेठेतल्या मुलींनी संध्याकाळी खेळायचं कुठे, हा प्रश्न आपल्या नगरसेविकांपुढे ठेवायला काय हरकत आहे?

संघ जिंकेल की हरेल ते मैदानावर ठरू दे. निदान दहा सामने खेळून तरी हरू दे.