ही गावे 'दुर्गम' कधी झाली?

बिरवाडीहून वरंध घाटाकडे निघाले की डोंगरउतारावरच्या वाड्यांना आपण सहज 'दुर्गम' म्हणून मोकळे होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा शब्द खटकायला हवा.

थोडे मागे जाऊ. सावित्रीकाठचे महाड हे बंदर होते आणि देशावरचा माल घाटवाटांनी तेथे उतरत असे. म्हणजे ही गावे तेव्हा रहदारीच्या वाटेवरची होती. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तसा व्यापार तिच्या मागे गेला. माणसेही गेली. पुरुष मुंबईच्या गिरणीत; गावी बायका, म्हातारे आणि महिन्याची मनीऑर्डर. १९८२ च्या संपानंतर तीही आटली.

आता बिरवाडीलगत एमआयडीसी आहे, रासायनिक कारखाने आहेत. तरी वरच्या वाड्यांतली मुले मुंबई-पुणेच गाठतात.

२२ जुलै २०२१ रोजी याच तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली. ८० हून अधिक माणसे गेली. त्यानंतर चर्चा झाली ती मुख्यतः नव्या घरांची. घरे हवीतच. पण भातखाचरे डोंगरात राहणार आणि वरंध घाट पावसाळ्यात वारंवार बंद पडणार असेल, तर त्या घरांत तरुणांनी थांबावे कशाच्या जोरावर? पुनर्वसनाच्या हिशेबात घरांइतकाच हा रस्ताही धरला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.