अजाननंतरचा शॉट

१५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘शोले’ला फिल्मफेअरचा एकच पुरस्कार मिळाला. तो सलीम-जावेदच्या लेखणीला नव्हता, की अमजद खानच्या गब्बरलाही नव्हता. तो मिळाला संकलक एम. एस. शिंदे यांना. आज पन्नाशी उलटली तरी या सिनेमाचे संवाद लोकांना पाठ आहेत. शिंदे यांचे नाव मात्र क्वचितच कुणी घेते. सिनेमाविषयी आपण कथा, संवाद, गाणी आणि अभिनय यांच्या अंगाने बोलतो. कोणता शॉट कोणत्या शॉटला जोडला, हे विचारत नाही. मुसलमानांच्या पडद्यावरील प्रतिमेची चर्चा वारंवार फसते, त्याचे एक कारण हेच आहे, असे मला वाटते.

‘शोले’तलाच एक प्रसंग घेऊ. इमामसाहेबांचा तरुण मुलगा अहमद नोकरीसाठी जबलपूरला निघतो आणि वाटेत गब्बरच्या माणसांच्या तावडीत सापडतो. प्रदर्शित झालेल्या सिनेमात त्याची हत्या दिसत नाही. गब्बरच्या हातावर एक मुंगी चढते, तो ती चिरडतो. पुढच्या दृश्यात अहमदचे प्रेत पाठीवर घेऊन घोडा गावात येतो. मधले काहीच दाखवलेले नाही, तरी प्रेक्षकाला सगळे कळते. किंबहुना दाखवले नाही म्हणूनच ते अधिक क्रूर वाटते. त्या जिवाची किंमत मुंगीएवढी होती, हे वाक्य कुणीही उच्चारलेले नाही. ते दोन शॉटच्या सांध्यात आहे.

संकलनाची ही ताकद सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वीच दाखवून दिली होती. इव्हान मोझुखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यांनी वेगवेगळ्या चित्रांना जोडला. सूपच्या बशीशेजारी तो भुकेला वाटला, शवपेटीशेजारी दुःखी वाटला. चेहरा तोच होता, फक्त शेजार बदलला होता. यातली खरी मेख अशी की, हा अर्थ आपणच लावला, असे प्रेक्षकाला वाटते. कुणी सांगितलेल्या गोष्टीवर माणूस शंका घेतो. स्वतः काढलेल्या निष्कर्षावर सहसा घेत नाही.

आता पुन्हा रामगडला जाऊ. घोडा थांबतो, गाव गप्प होते. अंध इमामसाहेब मशिदीच्या पायऱ्या उतरून येतात आणि इतकी शांतता का आहे, असे विचारतात. कॅमेरा घाई करत नाही. म्हाताऱ्याचे हात मुलाच्या देहापर्यंत पोहोचेपर्यंत आपल्याला थांबावे लागते. मग अजान होते आणि मुलगा गमावलेला तो बाप नमाजसाठी निघतो. इथे अजान म्हणजे सब्र आहे, आधार आहे. त्या प्रसंगात डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकाने, ती कोणत्या धर्माची हाक आहे, याचा हिशेब केला नसेल.

तीच अजान गेल्या काही दशकांतल्या कित्येक दहशतवादपटांत कशी येते? शहराचे उंचावरून घेतलेले दृश्य, मिनार, अजानचा स्वर, सजद्यात झुकलेल्या टोप्यांच्या रांगा. आणि लगेच कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत बॉम्बच्या तारा जोडणारे हात. पुष्कळदा अजानचा आवाज त्या खोलीच्या चित्रावरही चालूच राहतो. आधीच्या शॉटचा आवाज पुढच्या चित्रावर ओढण्याच्या या पद्धतीला संकलक ‘एल-कट’ म्हणतात. एरवी हा दोन दृश्ये सहज सांधण्याचा साधा उपाय आहे. इथे मात्र त्याने मशीद आणि ती खोली एकाच धाग्यात बांधली जातात. अजानमध्ये एक अक्षर बदललेले नसते. तिला मिळालेला शेजार बदललेला असतो.

यावर हमखास उत्तर येते की, धार्मिक विधी आणि हिंसा यांना आलटून पालटून दाखवणे हे जुने तंत्र आहे. ‘गॉडफादर’मध्ये चर्चमधला बाप्तिस्मा आणि खून असेच जोडले होते, तेव्हा कुणा ख्रिश्चनाला वाईट वाटले नाही. उदाहरण बरोबर आहे, पण ते पुरते पाहायला हवे. १९७२ च्या त्या सिनेमात चर्चमध्ये उभा राहून सैतानाला नाकारण्याची शपथ घेणारा मायकल आणि ते खून घडवणारा मायकल, ही एकच व्यक्ती आहे. नाव, घर आणि जवळपास तीन तासांची कथा असलेला माणूस. तिथे संकलन त्याचा दुटप्पीपणा उघडा पाडते. आरोप मायकलवर होतो, चर्चवर नाही. आपल्याकडच्या त्या नमाजच्या रांगेत कुणालाच नाव नसते. चेहरा दिसलाच तर क्षणभर दिसतो. त्यामुळे आरोप कुणा एकावर न राहता रांगेवर पसरतो. तंत्र तेच असले तरी नियत वेगळी ठरते.

वृत्तवाहिन्यांवर हे रोज घडते. बातमी तलाकची असो, लोकसंख्येची असो की शिष्यवृत्तीची, पडद्यावर बुरख्यातल्या पाठमोऱ्या बायका आणि गल्लीतून जाणाऱ्या टोप्या येतात. निवेदक एकही आक्षेपार्ह शब्द बोलत नाही, त्यामुळे तक्रार तरी कशाची करणार?

सेन्सॉरचीही हीच अडचण आहे. धार्मिक गटांचा अवमान करणारी दृश्ये किंवा शब्द नसावेत, असे प्रमाणनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिले आहे. संपूर्ण सिनेमाचा परिणाम पाहावा, असेही त्यात आहे. पण आक्षेप पुन्हा पुन्हा एखाद्या शब्दावर किंवा सुट्या दृश्यावर येऊन थांबतो. अजानचा शॉट निर्दोष, बॉम्बचा शॉट कथेची गरज. दोष दोघांच्या मधल्या सांध्यात, आणि सांधा म्यूट करता येत नाही. म्हणूनच ‘बंदी घाला’ ही आपल्या संघटनांची ठरलेली मागणी मला कुचकामी वाटते. त्याने निर्मात्याला फुकटची प्रसिद्धी मिळते आणि पुढच्या सिनेमात तोच सांधा जसाच्या तसा येतो.

मग करायचे काय? पाहायला शिकायचे आणि शिकवायचे. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’ (१९७३) त्यासाठी चांगला धडा आहे. फाळणीवरच्या या सिनेमात कत्तलींची लांबलचक दृश्ये नाहीत. आग्र्याचे सलीम मिर्झा एकेक नातलगाला निरोप द्यायला रेल्वे स्टेशनवर जातात. गाडी सुटते, ते मागे राहतात, आणि काही काळाने तेच पुन्हा घडते. या पुनरावृत्तीतून एक घर रिकामे होत जाते. चेहऱ्याला वेळ दिला की टोपीखालचा माणूस दिसू लागतो.

मराठी समीक्षक आणि आपले तरुण लिहिते मित्र यांच्याकडून माझी अपेक्षा साधी आहे. सिनेमा वाईट किंवा प्रचारकी आहे, एवढे लिहून थांबू नका. कोणत्या शॉटनंतर कोणता शॉट आला, आवाज कुठून कुठवर ओढला, कुणाचा चेहरा किती वेळ दाखवला, हे लिहा. असा तपशील मांडला तर ‘तुम्ही लोक उगाच भावना दुखावून घेता’ हे उत्तर पुरणार नाही. संकलकाला त्याच्या निवडीविषयी विचारता येईल. आणि प्रेक्षकालाही, जे मत तो आपले समजत होता ते कुणीतरी कात्रीने बेतून दिले होते का, हे तपासता येईल.